पऱ्ह्याचा विरह कोणी केला

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे आणि मला राग आला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना आधी एक उसासा टाकावा, अशी रीत आहे. पण माझा भाता फाटला आहे, त्यामुळे मला उसासाही धड टाकता येत नाही. म्हणून मी सरळ रागापासूनच सुरुवात करते.

गोंदियाला लागून असलेल्या मुर्री गावच्या शाळेत, पुस्तकांच्या कपाटावर मला ठेवलं आहे. माझ्या अंगावर एक चिठ्ठी डकवली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, 'सुप्रसिद्ध गायक भोजराज यांनी याच पेटीवर आपले अजरामर विरहगीत रचले.' माझ्या खालच्या कप्प्यात त्याच भोजराजचं चरित्र आहे. ते मोठ्या शहरातल्या केशोराव नावाच्या लेखकानं लिहिलं आहे. दर शनिवारी गोवर्धन गुरुजी त्यातलं एक प्रकरण मुलांना वाचून दाखवतात. मुलं खाली बसून ऐकतात आणि मला वर बसून ऐकावं लागतं. कान झाकायला मला हात नाहीत.

त्या पुस्तकात माझ्याबद्दल दीड ओळ आहे. त्याचा मला राग नाही. खरं सांगायचं तर थोडा आहे, पण तो मी गिळला आहे. पुस्तकात जे खोटं लिहिलं आहे त्याचा राग मात्र मला गिळता येत नाही.

आधी माझं थोडं सांगते. माझं खोकं गोंदियाच्या एका सुतारानं सागाच्या फळ्यांचं केलं आणि माझे सूर रेल्वेनं कलकत्त्याहून आले. १९४७ सालच्या दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची नाटक-गाण्यांची जत्रा, भरायची होती. देश स्वतंत्र झाल्यानंतरची ती पहिली मंडई. त्या मंडईत आपल्या गावाचं नाटक झालंच पाहिजे आणि ते उसन्या पेटीवर होता कामा नये, असं मुर्रीच्या नाटक मंडळीनं ठरवलं. घरोघरून सूपभर धान गोळा झालं आणि बैलबंडीत बसून मी गावात आले. बायांनी मला हळदकुंकू लावलं. तसा मान मला नंतर कधी मिळाला नाही.

मंडळीतल्या कोणालाच मला नीट वाजवता येत नव्हतं. रुख्माबाईचा मुलगा भोजराज तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो म्हणाला, मी शिकतो. सकाळी नांगर धरायचा, दुपारी बैल सोडायचे आणि मग मला ओसरीवर घेऊन बसायचं, असा त्याचा क्रम सुरू झाला.

चरित्राचं पहिलं प्रकरण म्हणतं की भोजराजच्या गळ्यात उपजतच गंधर्व होता. कसला गंधर्व आणि कसलं काय! पहिली दोन वर्षं त्याचा सा जागेवर लागत नव्हता. शेजारची म्हैस दूध चोरायला लागली, तेव्हा शेजारणीनं त्याचा दोष आम्हा दोघांना दिला. मंडईत तो रेडिओवरची हिंदी गाणी जशीच्या तशी म्हणायचा आणि गोंदियाचे लोक हसायचे. एका वर्षी तर पडदा मध्येच पाडावा लागला. दुसऱ्या दिवशी भोजराज पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला. माझी सा ची पट्टी त्याच्या बोटानं झिजली आहे, कोणीही येऊन पाहावं. ही मेहनत त्या पुस्तकात कुठेच नाही. त्याला देवाघरचा गायक ठरवण्याच्या नादात लेखकानं त्याचे कष्ट पुसून टाकले.

आता त्या गाण्याकडे येते.

१९५२ सालचा आषाढ होता. मुर्रीत रोवणी चालू होती. रोवणी म्हणजे धानाची रोपं एका जागेवरून उपटून चिखल केलेल्या शेतात लावायची. त्या रोपांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात, एक असला तर पऱ्हा. ज्या शेतात ते लावायचे ती बांधी आणि बांधीच्या कडेचा बांध तो धुरा. एवढे तीन शब्द लक्षात ठेवा. केशोरावांनी ते विचारूनही घेतले नाहीत.

दरवर्षी रोवणीला सालेकश्याकडच्या जंगलातल्या गावांतून बायांची एक टोळी रेल्वेनं यायची. त्या टोळीची म्होरकी होती दुर्पता. ती उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची, त्याआधी मोहफुलं वेचायची आणि आषाढात आमच्याकडे रोवणीला यायची. बाया एका ओळीत वाकून, पाठमोऱ्या मागे मागे सरकत पऱ्हे लावतात. ओळ एकसारखी सरकावी म्हणून एक बाई गाणं उचलते आणि बाकीच्या झेलतात. दुर्पता उचलायची. त्या वर्षी तिनं एक नवं गाणं उचललं आणि ते तिचं स्वतःचं होतं.

*पऱ्हा माहा पिवरा पडला, बांधी नवी त्याले,*
*चार रोज थांब रे पऱ्ह्या, चिखल ओरखंल तुले.*

पिवरा म्हणजे पिवळा, ओरखंल म्हणजे ओळखेल. नव्या बांधीत लावलेला पऱ्हा पहिले चार दिवस पिवळा पडतो. मूळ धरलं की हिरवा होतो. दुर्पतानं त्याच वर्षी आपली लेक लांबच्या गावी दिली होती, एवढं सांगितलं की गाण्याचा अर्थ तुम्हाला आपोआप कळेल.

भोजराजनं ते धुऱ्यावरून ऐकलं आणि वेडाच झाला. दुसऱ्या दिवशी मला घोंगडीत गुंडाळून त्यानं धुऱ्यावर आणलं. ओल्या हवेनं माझ्या पट्ट्या फुगल्या, पण मी कुरकुर केली नाही. बाया गात होत्या, तो वाजवत होता, आणि जमत मात्र नव्हतं. कारण त्या गाण्यात 'पडला' या शब्दानंतर एक मोकळी जागा होती. बाया तिथे एकदम गप्प व्हायच्या आणि मग पुढची ओळ उचलायच्या. भोजराज ती जागा भरून काढायचा. कधी तान घ्यायचा, कधी माझ्यावर बोटं फिरवायचा. दर वेळी गाणं घसरायचं आणि बाया हसायच्या.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी दुर्पतानं कंबर सरळ केली आणि त्याला म्हणाली, "धुऱ्यावर बसून नाही गावत ते, बाबू. खाली उतर. पाय चिखलात गेल्याबिगर हे गानं नाही निंगत."

पुरुषांनी बायांच्या ओळीत रोवणी करावी, असं आमच्याकडे होत नाही. पुरुषांनी चिखल करायचा, पऱ्ह्यांच्या पेंढ्या आणून टाकायच्या आणि लावायचं काम बायांनी करायचं. भोजराज उतरला. सारं गाव त्याला हसलं. चार दिवस तो दुर्पताच्या शेजारी वाकून मागे मागे सरकत राहिला. चौथ्या दिवशी दुपारी तो चिखलानं माखलेला तसाच धुऱ्यावर चढला आणि हात न धुता मला वाजवायला बसला. माझ्या दोन पट्ट्यांखाली तो चिखल अजून आहे. त्याला ती मोकळी जागा सापडली होती.

ती काय होती ते सांगते. ओळीतल्या साऱ्या बाया तिथे एकदम पाऊल मागे घेतात. गुडघाभर चिखलातून पाय उपसताना सूर निघत नाही, नुसता श्वास निघतो. म्हणून तिथे गाणं थांबतं आणि पाय टेकला की पुन्हा सुरू होतं. एवढंच. पण ते एवढंच कळायला भोजराजला वाकावं लागलं.

पुढे तीन महिने तो त्या चालीवर बसला. बायांची पट्टी पुरुषाच्या गळ्याला झेपेना, म्हणून त्यानं ती उतरवली. दोन कडव्यांमध्ये माझ्यासाठी एक लहानसा तुकडा बसवला. त्यानं जे केलं ते केलं, मी त्याचं श्रेय काढून घेणार नाही. त्या वर्षीच्या मंडईत त्यानं ते गायलं तेव्हा कोणी हसलं नाही. गाण्याआधी त्यानं मोठ्यानं सांगितलं की हे दुर्पता मावशीचं गाणं आहे. मी साक्षीला होते.

मग गोंदियात बोलावणी आली, मग नागपूरची. नागपुरात रेडिओच्या परीक्षेला तो मला घेऊन गेला. तिथे त्या काळी पेटीला प्रवेशच नव्हता. मला दारातल्या शिपायाजवळ, छत्र्यांच्या शेजारी ठेवून भोजराज आत गेला. छत्र्या गळत होत्या आणि त्यांचं पाणी माझ्याकडे येत होतं. असो, हा राग वेगळा आहे.

१९५४ साली एका कंपनीनं त्याच्या गाण्याची तबकडी काढली. तबकडीला आमच्याकडे तवा म्हणतात. तिच्यावरचा कागद लिहिणारा कारकून हिंदी बोलणारा होता. त्याला पऱ्हा हा शब्द माहीत नव्हता. त्यानं कानाला जवळचा वाटला तो शब्द लिहिला, बिरहा, म्हणजे विरह. 'ध'चा 'मा' झाला. भोजराजला ती चूक दिसली आणि तो गप्प राहिला. गोंदिया शहरात हिंदीच जास्त चालते, तिथे पऱ्ह्यापेक्षा बिरहा खपेल, असा त्याचा हिशेब होता. पुढे गातानाही तो बिरहाच म्हणू लागला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्यावर रागावले.

पुढच्या आषाढात दुर्पता गोंदिया स्टेशनवर उतरली. समोरच्या चहाच्या हॉटेलात तवा वाजत होता. आपलं गाणं ऐकून ती आधी हसली. मग तिनं विचारलं, हे कोणाचं? हॉटेलवाला म्हणाला, भोजराजजी का है. ती तशीच भिजत मुर्रीला आली आणि आमच्या ओसरीवर उभी राहिली. भोजराजनं तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"गानं गायलास, चांगलं केलास," ती म्हणाली. "पर माहा पऱ्हा कोठी गेला? अना माहा नाव?"

भोजराजनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "मावशी, तव्यावर जागा नाही होती."

"तुहा नाव तीनदा लिवाले जागा होती."

ते खरंच होतं. गीत भोजराज, संगीत भोजराज, गायन भोजराज, असं तिथे छापलं होतं. रुख्माबाई आतून आली आणि सगळ्यांसमोर लेकाला बोलली. भोजराजनं पुढच्या तव्यावर नाव घालण्याचं कबूल केलं. पुढच्याच वर्षी तो मुंबईला गेला, त्याला नवी पेटी मिळाली आणि कबूल केलेलं मागेच राहिलं. मीही मागेच राहिले. रुख्माबाईनं मला शाळेला देऊन टाकलं.

आता हे चरित्र कसं लिहिलं गेलं ते ऐका. १९५८ साली केशोराव मुर्रीला आले. ते दोन दिवस राहिले, त्यातला एक जेवणावळीत गेला. ते रुख्माबाईला भेटले तेव्हा तिनं मला पाहुण्यांना दाखवण्यासाठी शाळेतून घरी आणवलं होतं, म्हणून सारं मला ऐकायला मिळालं. त्यांनी विचारलं की भोजराजना हे गीत कुठे सुचलं. रुख्माबाई म्हणाली, बांधीत. त्यांनी वहीत लिहिलं, बंदीत. मग ती म्हणाली, "दुर्पताले इचारा जी. तिचंच गानं आये ते." केशोरावांनी विचारलं, दुर्पता कोण? रोवणीवाली, असं उत्तर आलं. त्यांनी वही मिटली आणि चहा मागितला.

घरी जाऊन त्यांनी विचार केला असेल की बंदी म्हटलं म्हणजे किल्ला आला. मग इकडचा किल्ला कोणता? आमच्या गोंदियाकडचा प्रतापगड. झालं! चरित्राचं चौथं प्रकरण असं आहे की भोजराज प्रेमभंगानं व्याकूळ होऊन प्रतापगडच्या डोंगरावर एकटे बसले, मनाच्या बंदिवासात त्यांना पहाटे हे विरहगीत संपूर्ण सुचलं, आणि त्यातली ती स्तब्धता म्हणजे 'कवीच्या भग्न हृदयाचा हुंदका' होय. गाण्याची पहिली ओळ पुस्तकात अशी छापली आहे: 'विरह माझा पिवळा पडला.' अहो, विरह पिवळा कसा पडेल? त्याला काय कावीळ झाली होती? भोजराज प्रतापगडला एकदाच गेला होता. दर्ग्याच्या जत्रेत त्यानं पोटभर जिलेबी खाल्ली, चप्पल हरवली आणि अनवाणी परत आला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं बोलण्यात चालून जातं. छापण्यातही चालतं हे मला या पुस्तकानं शिकवलं.

यंदाच्या, म्हणजे १९६० सालच्या आषाढातला तो शनिवार होता. गुरुजी नेमकं हेच चौथं प्रकरण वाचत होते. बाहेर पाऊस इतका आला की शेजारच्या बांधीतल्या बाया धावत शाळेच्या पडवीत आल्या. त्यांत दुर्पता होती. केस पांढरे झाले होते, हातात पऱ्ह्यांची पेंढी तशीच होती. ती दारातून ऐकत राहिली. हुंदक्याचं वाक्य आलं तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, थांबा जी. तो इरह नोहे. पऱ्हा आये."

मुलं हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तिला आत बोलावलं आणि पुस्तकातली ओळ पुन्हा वाचली. ती म्हणाली, "दुःख कायचं जी? पाय चिखलात फसते, तं सूर कोठून निंगन?" आणि तिथेच शाळेच्या फरशीवर वाकून, पेंढीतले पऱ्हे हातात घेऊन, मागे सरकत तिनं गाणं म्हटलं. आवाज कापत होता, पण थांबण्याची जागा चुकली नाही. मला साथ करायची होती. माझ्या फाटक्या भात्यातून काहीच आलं नाही, आणि त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

गुरुजींनी विचारलं, बाई, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत? त्यावर तिनं जे सांगितलं ते माझ्या काळजाला लागलं.

"बोलून काय होते? माह्याच ओळीतल्या पोरी मले म्हनतात, मावशी, तू चुकून राहिली, तव्यात बिरहा आये. म्हनतात, बुढी भोजराजचं गानं चोरते. माहा गानं, अना मीच चोर. आता रोवनीत दुसरी बाई उचलते. मी चूप राहतो."

मित्रांनो, कोणाची वस्तू उचलून नेली तर ते वाईटच. पण उचलून नेऊन वर त्या माणसालाच चोर ठरवायचं, याला काय म्हणावं? मी गाण्याच्या घरातली आहे, शिव्या मला येत नाहीत. येत असत्या तर त्या दिवशी दिल्या असत्या.

मग एका मुलीनं विचारलं, मी मागे सरकून पाहू का? दुर्पतानं तिच्या हातात दोन पऱ्हे दिले. थोड्या वेळात सारा वर्ग ओळ करून वाकून मागे सरकत होता आणि पाय उचलताना बरोबर थांबत होता. दुर्पता हसत हसत त्यांच्या पाठी वाकवत होती. पाऊस उघडला तेव्हा बाया निघाल्या. जाताना त्या गात होत्या आणि उचलणारा आवाज दुर्पताचा होता.

गुरुजी भला माणूस. त्यांनी दौत उघडली आणि पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणात विरह खोडून पऱ्हा लिहिलं. बंदी खोडून बांधी लिहिलं. समासात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हे गीत सालेकसा भागातील दुर्पताबाई यांचे आहे. प्रत्यक्ष ऐकले.' खाली तारीख घातली. केशोरावांनाही पत्र लिहिलं. महिन्याभरात उत्तर आलं. ग्रंथ सखोल संशोधनाने सिद्ध केला आहे, सदर बाईंनी गीत आपले असल्याचा लेखी पुरावा सादर करावा, असं त्यात होतं. जिला अक्षर येत नाही तिच्याकडे लेखी पुरावा मागितला! स्वतःच्या वहीत 'बांधी' हा शब्दही ज्यांना नीट लिहिता आला नाही, त्यांनी मागितला.

आणि आता कळस ऐका. गेल्या आठवड्यात शाळा समितीची मंडळी पुस्तकं तपासायला आली. त्यांनी चौथं प्रकरण उघडलं, शाई पाहिली आणि गुरुजींवर ठपका ठेवला. कारण लिहिलं, 'शालेय ग्रंथ खराब केला.' गुरुजींनी सारं सांगून पाहिलं. एक जण म्हणाले, असेलही खरं, पण छापील पुस्तकावर हातानं लिहायचं नसतं. ती प्रत ते घेऊन गेले. तिच्या जागी नवी कोरी प्रत आली आहे. तिच्यात विरह पुन्हा पिवळा पडला आहे.

म्हणजे खोटं छापलं तर तो ग्रंथ, आणि खरं लिहिलं तर ग्रंथ खराब.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. मला ते नको. माझा भाता फाटला आहे तो फाटकाच राहू द्या, माझी धूळ मला पुरते. मला जपायचं असेल तर एवढं करा. उद्या तुम्ही कुठे हे गाणं ऐकाल, आणि कोणी त्याला विरहगीत म्हणेल. तेव्हा भिऊ नका, मोठ्या माणसांसमोरही बोला. आणि तुमच्या हाती ते पुस्तक आलं तर चौथं प्रकरण काढा. समासात जागा भरपूर आहे. तिचं नाव दुर्पता. द ला उकार, प वर रफार, त ला काना. पेन्सिलीनं लिहू नका, शाईनं लिहा.